पृथ्वी गोल आहे, हे मामांना कसं पटवू?

वाचकाचं पत्र

ताई,

मी 29 वर्षांचा आहे, पुण्यात आयटी कंपनीत नोकरी करतो. माझे मामा रत्नागिरीला असतात. एसटीत ड्रायव्हर होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. लहानपणी मे महिन्याची सगळी सुट्टी मी त्यांच्याकडे काढायचो. त्यांच्या गाडीत पुढे बसून कितीदा आंबा घाट पाहिलाय, मोजदाद नाही.

गेलं दीड वर्ष मामा पृथ्वी सपाट असल्याचे व्हिडिओ बघतात आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. मी प्रत्येक व्हिडिओला उत्तर देतो. रात्री दीड-दोनपर्यंत आमची जुंपलेली असते. नासाचे फोटो टाकले तर म्हणतात, कॉम्प्युटरवर बनवलेत. विमानातून काढलेला वाकड्या क्षितिजाचा फोटो टाकला तर म्हणाले, लेन्सची करामत आहे. गेल्या महिन्यात माझा तोल गेला आणि मी ग्रुपवर लिहिलं, ‘ज्यांनी जन्मभर स्टेअरिंग फिरवलं त्यांनी आम्हाला विज्ञान शिकवू नये.’ ग्रुपमध्ये सतरा जण आहेत, अगदी दिल्लीचा मावसभाऊ आणि मेलबर्नची मावसबहीणसुद्धा. दोघांनी हसण्याचे इमोजी टाकले. मामा ग्रुप सोडून गेले.

आई माझ्याशी धड बोलत नाही. गणपती तोंडावर आलेत. दरवर्षी मामांचा ‘कधी निघताय?’ म्हणून फोन येतो, यंदा आलेला नाही. पण ताई, मी चुकीचं काय बोललो? पृथ्वी गोल आहे हे खरंच आहे ना? असा एखादा पुरावा सांगा, ज्यापुढे मामांना बोलताच येणार नाही.

— एक भाचा, पुणे

उत्तर

प्रिय भाच्या,

तुझं शेवटचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. मामांना बोलताच येणार नाही असा पुरावा तुला हवा आहे. पण मामांचं बोलणं तर तू गेल्या महिन्यातच बंद केलंस. त्याला पृथ्वीबद्दलचा पुरावा लागला नाही, एक वाक्य पुरलं. आता ती शांतता घर खायला उठली आहे, म्हणून तू मला लिहिलं आहेस. लिहिलंस हे बरं केलंस.

मी चुकीचं काय बोललो, असं विचारतोस. पृथ्वीबद्दल काही चुकीचं बोलला नाहीस. मामांबद्दल बोललास. पावसाळ्यातल्या धुक्यात, समोरचं वळण दिसत नसताना, पन्नास माणसं घेऊन आंबा घाट उतरवणं हे या माणसाचं रोजचं काम होतं. त्याच्या शेजारी बसून तू बिनघोर झोपला असशील. त्याच कामाची तू सतरा जणांसमोर टिंगल केलीस. त्यांच्या जिव्हारी लागलं ते हे.

तेव्हा पहिली गोष्ट माफीची, पुराव्याचं नंतर बघू. मामा ग्रुपमध्ये नसले तरी माफी ग्रुपवर लिही, कारण अपमान तिथेच झाला. ‘कुणाला वाईट वाटलं असेल तर’ असली भाषा नको. सरळ लिही: ‘मी मामांच्या नोकरीवरून बोललो ते चुकलं. मला त्याची लाज वाटते.’ त्यात पृथ्वीचं नावसुद्धा काढू नकोस. मग मामांना फोन कर आणि हेच तोंडाने सांग. त्यांनी ‘असू दे’ म्हणून फोन ठेवला तर ठेवू दे. आणि आईला मध्ये घालून निरोप पाठवू नकोस, ती आधीच दोघांच्या मध्ये चेंगरली आहे.

आता तुला दीडशे वर्षांपूर्वीची एक हकीकत सांगते. तू ज्या वाटेने चालला आहेस, तिच्या शेवटपर्यंत एक फार मोठा माणूस जाऊन आला आहे.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हे नाव तू ऐकलं असशील. उत्क्रांतीचा सिद्धांत डार्विनच्या जोडीने, पण स्वतंत्रपणे मांडणारा शास्त्रज्ञ. 1870 साली जॉन हॅम्प्डेन नावाच्या, पृथ्वी सपाट मानणाऱ्या इंग्रज गृहस्थाने जाहीर पैज लावली: नदीचं, कालव्याचं किंवा तळ्याचं पाणी वाकलेलं दाखवा आणि 500 पौंड घेऊन जा. त्या काळी ही रक्कम मोठी होती आणि वॉलेसला पैशांची चणचण होती. तरुणपणी त्याने जमीन मोजणीचं काम केलेलं, त्यामुळे हे कसं दाखवायचं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. त्याने चार्ल्स लायेल या ज्येष्ठ भूशास्त्रज्ञाला विचारलं, आव्हान घेऊ का? लायेल म्हणाला, घे. एकदा डोळ्यांसमोर स्पष्ट दाखवलं की ही मंडळी गप्प होतील, असं त्याला वाटलं. तुलाही तेच वाटतंय, म्हणून हे मुद्दाम सांगते.

इंग्लंडच्या पूर्व भागात ओल्ड बेडफर्ड नावाचा कालवा आहे. सहा मैल सरळसोट, संथ पाणी. सॅम्युअल रोबोथम नावाच्या माणसाने 1838 साली त्याच पाण्यात उभं राहून, डोळा पाण्यापासून जेमतेम वीतभर वर ठेवून, लांब जाणारी होडी पाहिली होती. ती शेवटपर्यंत दिसली, म्हणून पृथ्वी सपाट, असं त्याने जाहीर केलं होतं. पाण्याच्या अगदी लगत हवेच्या थरांमुळे प्रकाश खाली वाकतो आणि क्षितिजापलीकडचं दिसू शकतं, ही गोष्ट त्याने जमेस धरली नाही. वॉलेसने नजरेची रेघ पाण्यापासून तेरा-साडेतेरा फूट उंच नेली. एका टोकाला पुलावर दुर्बीण, दुसऱ्या टोकाच्या पुलावर त्याच उंचीवर काळा पट्टा, आणि बरोबर मधे, तीन मैलांवर, खांबाला तेवढ्याच उंचीवर तबकडी. पाणी सपाट असेल तर तिन्ही एका रेघेत दिसायला हवीत. मधली तबकडी सुमारे पाच फूट वर दिसली.

आणि मग काय झालं? हॅम्प्डेनने दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला. मी नेमलेल्या पंचावर माझा विश्वास आहे, म्हणाला. त्याच्या पंचाने दुर्बिणीतून पाहिलं, आणि जे दिसलं त्यानेच पृथ्वी सपाट ठरते असं सांगत आनंदाने उडी मारली. शेवटी तिसऱ्या माणसाने, एका नियतकालिकाच्या संपादकाने, निकाल वॉलेसच्या बाजूने दिला. तिथून खरे हाल सुरू झाले. हॅम्प्डेनने वॉलेसच्या शेजाऱ्यांना, तो ज्या संस्थांचा सभासद होता त्यांना पत्रं लिहून वॉलेस चोर आहे, लबाड आहे असं कळवायला सुरुवात केली. वॉलेसच्या बायकोला पत्र लिहिलं, की तुझ्या नवऱ्याला एक दिवस हाडं मोडलेल्या अवस्थेत घरी आणतील तेव्हा कारण तुला कळेल. कोर्टकचेऱ्या झाल्या, बदनामीबद्दल हॅम्प्डेन तुरुंगात जाऊन आला, तरी थांबला नाही. त्यातच पैजेचे पैसे कायद्याने वसूल होत नाहीत म्हणून ती रक्कम हॅम्प्डेनला परत द्यावी लागली. पंधरा-सोळा वर्षं हे चाललं. वॉलेसने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात या प्रकरणाला आपल्या आयुष्यातली सर्वांत खेदाची घटना म्हटलं आहे.

त्या मोजणीत काडीचीही चूक नव्हती, तरी हॅम्प्डेनचं मत तसूभर हललं नाही. माझ्या मते पैज लागली त्याच क्षणी ते मत हलायची शक्यता संपली होती. हरलो तर 500 पौंड जातील आणि देशभर तोंडघशी पडू, अशा ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला दुर्बिणीला डोळा लावणंसुद्धा महाग पडतं. तुझ्या ग्रुपवर पैसे नव्हते, पण सतरा माणसं होती. भाच्यापुढे, मेव्हण्यापुढे, पोरासोरांपुढे ‘हो, माझं चुकलं’ म्हणायचं, हे मामांना 500 पौंडांपेक्षा स्वस्त पडलं असतं का?

आता तुझ्या पुराव्यांविषयी. तेही मी तपासणार आहे, कारण तुझी बाजू खरी असली तरी तू ती नीट मांडली नाहीस.

विमानातल्या फोटोच्या बाबतीत मामा बरोबर होते. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं. तिथून क्षितिजाचा बाक इतका थोडा असतो की छोट्या खिडकीतून तो ओळखूही येत नाही. फोटोत ठसठशीत कमान दिसत असेल तर ती बहुतेक वेळा लेन्सचीच असते. मामांनी नेमकी चूक पकडली आणि तू ‘हो, हा फोटो कच्चा होता’ असं म्हटलं नाहीस. त्या दिवसापासून तुझं बाकीचं सगळंही त्यांच्या नजरेत कच्चं झालं.

नासाचं तसंच. ज्या साक्षीदारावर समोरच्याचा विश्वास नाही, त्याला पुन्हा पुन्हा उभं करून काय मिळणार? आणि गरज काय? नासा 1958 साली स्थापन झाली. पृथ्वीचा आकार त्याच्या दोन हजारांहून जास्त वर्षं आधीपासून माणसांना ठाऊक आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ग्रंथात हा वाद घेतला आहे. ज्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला आणि त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला सापडला, ते भास्कराचार्य. ते विचारतात, धरणी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्या वरच फिरत असेल, तर तो कितीही लांब गेला तरी माणसांना दिसत का नाही? मामांच्या व्हिडिओत सूर्य सपाट जमिनीवर घिरट्या घालतो, त्याला हा प्रश्न जसाच्या तसा लागू पडतो. पुढे ते हेही सांगतात, की परिघाचा शंभरावा भाग घेतला तर तो सरळच भासतो. पृथ्वी अफाट आणि माणूस इवलासा, म्हणून त्याला ती सपाट वाटते. मला हे फार आवडतं, कारण यात सपाट म्हणणाऱ्याला मूर्ख ठरवलेलं नाही. तुला सपाट का दिसते, ते मला समजतं, असं आधी मान्य केलं आहे. रस्त्यावर नजर ठेवून तीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाशी बोलायची सुरुवात इथून होऊ शकते. डोळ्यांना दिसतं त्यावर भरवसा ठेवायचा, ही त्यांच्या कामाची शिस्तच होती.

आणखी एक. तुम्ही दोघं दीड वर्ष ‘गोल’ या शब्दावरून भांडलात, पण आपल्या भाषेत भाकरीही गोल आणि चेंडूही गोल. सपाट पृथ्वीवाल्यांचा नकाशाही गोलच असतो: मधे उत्तर ध्रुव, कडेने अंटार्क्टिकाच्या बर्फाची भिंत. मामा एखादे दिवशी म्हणालेही असतील, ‘गोलच आहे रे, ताटासारखी.’ तेव्हा चेंडूसारखी म्हण, मोसंब्यासारखी म्हण. मोसंबं बरंही पडेल, कारण पृथ्वी ध्रुवांकडे किंचित दबलेली आहे. विषुववृत्तावर तिचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे 43 किलोमीटरनी जास्त भरतो.

शाळेत तू एराटोस्थेनीसची गोष्ट वाचली असशील. इजिप्तमधली दोन गावं, एका गावी भर दुपारी सावली नाही, दुसऱ्या गावी सूर्य 7.2 अंश कललेला, त्यावरून पृथ्वीचा परीघ. तू ही गोष्ट ग्रुपवर टाकली असतीस, तर मामांनी उलट उत्तर दिलं असतं की सूर्य जवळ असेल तर सपाट जमिनीवरही सावल्यांत असाच फरक पडेल. ते खरं आहे! दोन गावांच्या सावल्यांवरून हा वाद मिटत नाही. तिसरं ठिकाण लागतं. आणि तुमच्या घरात ते आहे.

मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुपारी रत्नागिरीत सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. आपल्याकडे त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. त्या दिवशी दिल्लीच्या मावसभावाने त्याच्या माध्यान्ही एक मीटरच्या काठीची सावली मोजली, तर ती साधारण 20 सेंटिमीटर भरेल, म्हणजे सूर्य 11-12 अंश कललेला. मेलबर्नच्या बहिणीकडे तीच सावली 140 सेंटिमीटरच्या आसपास जाईल, कल जवळजवळ 55 अंश. आता रत्नागिरीपासून दिल्ली उत्तरेला अंदाजे 1,290 किलोमीटर, आणि मेलबर्न दक्षिणेला अंदाजे 6,100. ही उत्तर-दक्षिण अंतरं मामांच्या सपाट नकाशावरही एवढीच आहेत. जमीन सपाट धरून गणित करा. दिल्लीच्या सावलीवरून सूर्याची उंची येते सुमारे 6,300 किलोमीटर. मेलबर्नच्या सावलीवरून येते सुमारे 4,300. सूर्य एकच, दिवस एकच, आणि उंच्या दोन. आता पृथ्वी चेंडूसारखी आणि सूर्य खूप लांब धरून करा: दिल्लीवरून परीघ येतो 40,000 किलोमीटर, मेलबर्नवरूनही 40,000. काठी, टेप आणि तीन नातेवाईक. यात नासा कुठेच नाही.

हे तू मामांना लिहून पाठवू नकोस. पुढच्या मे महिन्यात त्यांनाच रत्नागिरीची काठी रोवायला सांग. आकडेमोडही त्यांच्याच हाताने होऊ दे, तू नुसता शेजारी बस.

सगळ्यात जवळचा पुरावा मात्र मामांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला. एकदा सातवीच्या मुलांना घेऊन हर्णैला गेले होते. संध्याकाळी लिलावाच्या वेळेआधी बोटी परतायला लागल्या. मुलांना सांगितलं, पहिल्यांदा काय दिसतं ते वहीत काढा. आधी पाण्याच्या रेघेवर नुसती डोलकाठी आणि तिच्यावरचं निशाण. मग केबिनचं छप्पर. मग केबिन. खालची बोट बऱ्याच वेळाने वर आली, जशी काही पाण्यातून चढून येत होती. एक मुलगी वाळूत बसून चित्र काढत होती. ती उठून उभी राहिली आणि ओरडली, ‘बाई, उभं राहिलं की जास्त बोट दिसते!’ मग सगळी पोरं उठाबशा काढत बोट बघायला लागली. शेजारी जाळं आवरणारा एक म्हातारा तांडेल आमचा गोंधळ ऐकत होता. तो म्हणाला, ‘आम्हाला उलटं दिसतं. येताना आधी डोंगर, मग किल्ला, आणि पुळण सगळ्यात शेवटी.’

त्या मुलीचं वाक्य लक्षात ठेव. मामांच्या व्हिडिओत असं असतं की नाहीशी झालेली होडी कॅमेऱ्याने झूम केल्यावर परत दिसते. तेही खरं आहे, कारण ती होडी क्षितिजाच्या अलीकडेच असते, फक्त लहान झालेली असते. पण क्षितिजापलीकडे गेलेल्या बोटीचा खालचा भाग कितीही मोठी दुर्बीण लावली तरी परत येत नाही, आणि तू नुसता उंचावर चढलास की येतो. वाळूत बसलेल्या माणसाला क्षितिज तीन-साडेतीन किलोमीटरवर असतं, उभं राहिल्यावर साडेचारच्या पुढे, आणि पन्नास मीटरच्या कड्यावरून पाहिलं तर पंचवीस किलोमीटरवर. बोट लहान झाली म्हणून दिसत नसेल, तर आपण चार पावलं वर चढल्याने ती मोठी कशी होईल?

एवढं सगळं दाखवून मामा मानतील का? मी वचन देत नाही. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या एका पाद्र्याने दोन्ही बाजूंच्या काही जणांना अंटार्क्टिकाला नेलं. सपाट नकाशा खरा असेल तर तिथे चोवीस तास न मावळणारा सूर्य दिसणं शक्य नाही. त्यांनी पाहिलं, सूर्य आकाशात गोल फिरत राहिला, मावळला नाही. वर्षानुवर्षं सपाट पृथ्वीचे व्हिडिओ करणाऱ्या एका नावाजलेल्या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की या बाबतीत माझं चुकलं होतं. त्याने लगेच पृथ्वी चेंडूसारखी आहे असं म्हटलं नाही, तेवढी एकच गोष्ट मान्य केली. तरी त्याच्याच लोकांपैकी कित्येकांनी त्याला विकला गेलेला ठरवलं. एवढंसं मान्य करायची किंमत त्याला काय पडली, बघ. म्हणून मामांकडून पूर्ण शरणागतीची अपेक्षा ठेवू नकोस. ‘हं, हे बोटीचं जरा बघायला हवं’ एवढं त्यांच्या तोंडून निघालं तरी खूप झालं. तेव्हा ‘बघा, मी सांगत होतो!’ हे वाक्य गिळून टाक. तुला ते जड जाईल, पण गिळ.

वाद न घालता बोलायचं म्हणजे काय, तर विचारायचं. ‘मामा, काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?’ हा प्रश्न एकट्याने, समोरासमोर, चहा पिताना विचार. आणि त्यांनी तोच प्रश्न तुला विचारला तर तुझ्याकडे उत्तर हवं. ‘माझं बदलणारच नाही’ म्हणालास, तर तुझ्यात आणि हॅम्प्डेनमध्ये फरक उरणार नाही. खरं सांगायचं तर आपल्यापैकी बहुतेकांनी पृथ्वीचा आकार पुस्तकात वाचून मानलेला असतो. मामांनी निदान विचारलं तरी, हे कुणी पाहिलंय? प्रश्न चांगला आहे, त्यांना उत्तर चुकीच्या दुकानात मिळालं.

ते दुकान कसं चालतं, हेही माहीत असू दे. टेक्सास टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी सपाट पृथ्वीवाल्यांच्या अधिवेशनांना जाऊन 30 जणांच्या मुलाखती घेतल्या. जवळजवळ सगळ्यांनी सांगितलं, की आधी आम्ही असलं काही मानत नव्हतो, यूट्यूबवर दुसऱ्याच कारस्थानांचे व्हिडिओ बघताना हे समोर आलं. 2019 साली यूट्यूबनेही असे व्हिडिओ आपण होऊन सुचवणं कमी करू, असं जाहीर केलं होतं. म्हणजे मामांच्या डोक्यात एके दिवशी खूळ शिरलं असं नाही. रिकामा वेळ होता, हातात फोन होता, एकामागून एक येत गेलं.

पत्रात तू रात्री दीड-दोनचा उल्लेख सहज केला आहेस. माझं मन तिथेच अडकलं आहे. रिटायर झालेला माणूस रात्री दोन वाजता जागा का? नोकरीत असताना कंडक्टर होता, डेपोतला चहा होता, रोजच्या प्रवाशांच्या ओळखी होत्या. ते सगळं एका दिवसात थांबलं. आणि गेलं दीड वर्ष त्यांच्या प्रत्येक मेसेजला न चुकता उत्तर देणारा एकच माणूस होता, तो तू. मी मामांना ओळखत नाही, चुकतही असेन. पण मला राहून राहून वाटतं की ते व्हिडिओ ते ग्रुपवर टाकत असले तरी तुझ्यासाठी टाकत होते. त्यांच्या झोपेबद्दल, दिवसभर काय करतात याबद्दल कधी विचारलं आहेस का? विचार.

खरं ते सोडू नकोस, हेही तितकंच. ‘तुमचंही बरोबर, माझंही बरोबर’ असलं गुळमुळीत बोलू नकोस. त्यात त्यांचा मान राहत नाही, कीव होते. ग्रुपमध्ये मुलं असतील आणि पुन्हा असा व्हिडिओ आला, तर एक ओळ लिही: ‘मला हे पटत नाही, कारण अमुक.’ मग थांब. दुसरी ओळ नाही, रात्री अकरानंतर तर एकही नाही. आणि एका बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. पृथ्वी सपाट मानल्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण याच वाटेवर पुढे डॉक्टर खोटे, गोळ्या खोट्या असं सांगणारे भेटतात. मामांनी बीपीची गोळी बंद केली असं कळलं, तर तेव्हा नमतं घेऊ नकोस. मामींना आणि त्यांच्या डॉक्टरांना लगेच सांग.

गणपतीला जा. बोलावणं आलं नाही म्हणून थांबू नकोस, दरवर्षीच्या घराला बोलावणं लागत नाही. आरतीला उभा राहा, मोदक खा, आणि त्या पाच दिवसांत पृथ्वी हा शब्द काढू नकोस. तसंही श्रावण-भाद्रपदात समुद्रावर पाऊस आणि धूसर हवा असते, लांबचं काही धड दिसत नाही. बोटी बघायच्या तर दिवाळीनंतर, हवा स्वच्छ झाल्यावर. निघताना मामांना एवढंच विचार, की दिवाळीत येईन तेव्हा मिरकरवाडा बंदरातल्या बोटी परतताना बघायला कुठे उभं राहू, आणि किती वाजता? ते त्यांना ठाऊक असेल. तुला नाही.